हे पाणी तर वाहूनच नाही राहिलं!

दादा दोन वर्षांपासून व्हॉट्सॲपवर फोटो टाकून टाकून आम्हाला पटवत होता, की एकदा या, बोटीने कालव्यातून फिरवतो, झाडांची सावली बघा, शांतता बघा वगैरे. शेवटी मागच्या जूनमध्ये मी आणि बाबा गेलो. आणि दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला, कनाल द्यु मिदी नावाच्या कालव्याच्या काठावर उभं राहून बाबांनी काय केलं, तर खाली वाकून एक वाळकं पान उचललं, पाण्यात टाकलं, आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. पान जिथल्या तिथे. मग म्हणाले, "अरे, हे पाणी तर वाहूनच नाही राहिलं!" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता यात बाबांची चूक नाही. त्यांची ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात गेली, बहुतेक सगळी नागपूरजवळच्या पेंच धरणाच्या नहरेवर, कालवा निरीक्षक म्हणून. (आमच्याकडे बोलताना नहरच म्हणतात, कालवा फक्त कागदावर.) आमचं लहानपण पारशिवनीच्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि घरात बोलणं एकच. शेतांच्या पाण्याची पाळी कधी सुटणार, गेज किती, टेलच्या (म्हणजे नहरेच्या शेवटच्या टोकाच्या) गावाला पाणी पोचलं का, रात्री कोणी दार उचकटलं. त्यांच्या हिशेबी नहर म्हणजे वाहतं पाणी. जे वाहत नाही ते डबकं. आणि पोरगा सात समुद्रापलीकडे बोलावून दाखवतो काय, तर २४० किलोमीटरचं डबकं!

बोट दादाची एकट्याची नाही. ऑफिसमधल्या दोघांसोबत भागीदारीत घेतलेली, नऊ मीटर लांब, लोखंडी, हॉलंडमध्ये बनलेली, आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. तिकडे आठवडाभरासाठी भाड्याने बोट घेतली तर लायसनही लागत नाही, कंपनीवाले तासभर शिकवतात आणि देतात सोडून, पण स्वतःची बोट असली की लायसन पाहिजे, आणि कालवे सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा वार्षिक टोल भरून त्याचा स्टिकर काचेवर लावावा लागतो. हे खातं म्हणे ६,७०० किलोमीटरच्या नद्या आणि कालवे बघतं. बाबांनी लगेच विचारलं, स्टाफ किती? दादाला माहीत नव्हतं.

बोटीत दोन झोपायच्या जागा, एक स्वयंपाकाचा ओटा ज्यावर एका वेळी एकच भांडं मावतं, आणि एक संडास ज्यात बाबा पहिल्या दिवशी शिरले आणि त्यांना वळताच येईना. बाकी सांगत नाही.

आम्ही चौघं होतो, दादा, बाबा, मी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा, जो आमचा दुभाषी. वहिनीला सुट्टी नव्हती, ती मधे गाडीने येणार होती. तुलूझहून निघायचं, कार्कासोनला पोचायचं, सरळ हिशेब केला तर १०५ किलोमीटर. नागपूरहून अमरावतीही दीडशेच्या वर आहे, आणि आम्हाला इथे लागणार होते सहा दिवस. कालव्यात वेगाची मर्यादाच ताशी ८ किलोमीटर, त्याच्यावर गेलं की लाटांनी काठ खचतो. सायकलवाले आमच्या बाजूने घंटी वाजवत पुढे जायचे. एकदा तर एक आजी कुत्रा फिरवत होत्या, त्यांच्यात आणि आमच्यात बराच वेळ बरोबरी चालली, मग त्या कुत्र्यासाठी थांबल्या म्हणून आम्ही जिंकलो.

तर पहिलं लॉक आलं. लॉक म्हणजे काय हे मला यूट्यूबवर बघूनही नीट कळलं नव्हतं, प्रत्यक्ष आत गेल्यावर कळलं. कालव्यात एक दगडी हौद, दोन्ही टोकांना मोठी दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा उघडायच्या, वरचं पाणी आत येतं, हौद भरतो, बोट वर येते, पुढचं दार उघडतं, चला. म्हणजे जिना. बोटीला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून पायरीच भरून तिला वर उचलायचं. बाबांनी लॉक हा शब्द घेतलाच नाही, पहिल्यापासून हौद म्हणाले, आणि शेवटी भाचाही हौदच म्हणायला लागला.

आणि त्या पहिल्या हौदात बाबा बदलले. म्हणजे आतापर्यंत छपराखाली तोंड पाडून बसले होते, पाणी आत उसळायला लागलं तसे उठून उभे. दारं सपाट लागत नाहीत, दोन्ही पल्ले मिळून वरच्या पाण्याकडे टोक काढतात, व्हीसारखे. बाबा हात दाखवून म्हणाले, "बघ, पाणीच दार दाबून धरून राहिलं, कडी लागतच नाही." मग हौदाचा आकार. भिंती सरळ नाहीत, पोट काढलेल्या, अंडाकृती. दादाने सांगितलं की सुरुवातीला सरळ भिंतीचं लॉक बांधलं होतं, ती भिंत कोसळली, तेव्हा कमानीसारखा बाक दिला, म्हणजे मागच्या मातीचा दाब सहन होतो. बाबा म्हणाले, "आडवी विहीर बांधली रे यानं."

यानं म्हणजे पिएर पोल रिके. हा माणूस इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करायचा! बेझिए गावचा. चौदाव्या लुईचं राज्य. अटलांटिककडून भूमध्य समुद्रात जायचं तर पूर्ण स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागायचं, त्याऐवजी मधूनच कालवा काढू ही कल्पना रिकेच्या आधीपासून लोकांच्या डोक्यात होती. अडलं होतं एकाच जागी. मधे उंचवटा आहे. दोन्हीकडून पायऱ्या चढून बोट वर नेता येईल, पण सगळ्यात वरच्या पायरीत पाणी कुठून आणायचं?

हे दादा सांगत होता तेव्हा बाबांनी त्याला मधेच थांबवलं. चष्मा काढला, पुसला. आणि बोटीच्या लॉगबुकच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला घेतला. हौद ३० मीटर लांब, मधे ११ मीटर रुंद, दाराजवळ निमुळता, सरासरी ९ धरू. पाणी चढतं अडीच मीटर. म्हणजे पावणेसातशे घनमीटर. पावणेसात लाख लिटर. "दहा हजारवाले सदुसष्ट टँकर," बाबा म्हणाले. एका बोटीला एक हौद चढवायला सदुसष्ट टँकर पाणी वरून खाली येतं, आणि ते परत वर जात नाही. बोट छोटी असो मोठी असो, पाणी तेवढंच. टेकडी ओलांडायची तर वरच्या साठ्यातून एक हौद या बाजूला गेला, एक त्या बाजूला गेला. "म्हणजे नहर वाहून राहिली आहे," बाबा म्हणाले, "हप्त्याहप्त्यानं वाहून राहिली आहे." तिथून पुढे त्यांना डबकं शब्द वापरताना मी ऐकलं नाही.

म्हणूनच लॉकवाले एकट्या बोटीला पटकन घेत नाहीत, मागून दुसरी येत असेल तर थांबवतात, तीन-चार बोटी एकदम घेतात. आमच्या मागे थांबलेल्या एका मोठ्या भाड्याच्या बोटीतली मंडळी कटकट करत होती, आणि बाबा त्यांना मराठीत समजावून सांगत होते की एकासाठी पाणी का सांडायचं. भाच्याने भाषांतर करायला साफ नकार दिला.

दुपारी साडेबाराला लॉक बंद. जेवणाची सुट्टी. तासभर. तुम्ही दाराच्या तोंडाशी असा की आत दोरी टाकायच्या बेतात, बंद म्हणजे बंद. मला वाटलं बाबा चिडतील, कारण त्यांच्या नोकरीत चौकीदार जेवायला गेला आणि टेलवाले शेतकरी ऑफिसात येऊन उभे राहिले असं कितीदा झालंय, पण बाबा म्हणाले, बरोबर आहे, माणूस जेवणार नाही काय. आणि आमचीही जेवणं व्हायची, मग काय. मी तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि आंब्याचं लोणचं नेलं होतं, ते तिथल्या लांबट पावात भरून काठावर बसून खायचं. चांगलं लागतं, खरंच सांगते.

रात्री कुठेही थांबता येतं हे मला सगळ्यात आवडलं. काठाला लागायचं, दोन लोखंडी खुंट्या हातोड्याने जमिनीत ठोकायच्या, दोऱ्या बांधायच्या, झालं. हे काम बाबांनी कोणालाच करू दिलं नाही. दादा खुंटी उभी ठोकायचा, बाबांनी ती उपटून तिरकी ठोकली, ओढ ज्या बाजूला त्याच्या उलट कलवून, जसं बैलाला बांधतात. दहा वाजले तरी पूर्ण काळोख नाही. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे आता तरी झोपायचं की नाही सांगा बाप्पा.

तिसऱ्या दिवशी नोरूझ. हा तो उंचवटा. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षाही खाली. (नागपूर ३१० मीटर आहे, बाबांना पाठ.) पण इथे पडलेलं पाणी एका बाजूला अटलांटिकला जातं आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राला. चढावरच्या शेवटच्या लॉकचं नावच ओसेआँ, म्हणजे महासागर, आणि पाचेक किलोमीटर सपाटीवरून गेलं की उताराचं पहिलं लॉक, त्याचं नाव मेदितेराने. तिथे रिकेच्या नावाचा एक दगडी खांब आहे, त्याच्याकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना हवी होती ती झाडीतून येणारी एक अरुंद चारी. आपल्याकडे शेताला जाते तेवढीच. स्वच्छ, खळखळ वाहणारी. डोंगरातून किती तरी किलोमीटर फिरून येते आणि गुपचूप इथे मिळते. बाबा तिच्या काठाने गेले, पुन्हा एक पान तोडून टाकलं, आणि या वेळी पानामागे चालत गेले.

आता उतार. आणि इथे मी माती खाल्ली. चढताना दोरी खुंटाला गुंडाळून ओढत राहायची असते, तीन दिवसांत मला वाटलं आपण शिकलो. मेदितेरानेच्या लॉकमध्ये बोट वर असताना मी दोरी खुंटाला घातली आणि भैताडासारखी पक्की गाठ मारून फोटो काढायला गेले. पाणी उतरायला लागलं. बोट खाली चालली आहे आणि दोरी वर बांधलेली! एकदम करकर आवाज आला, बोट एका अंगावर कलली, ओट्यावरचा चहाचा डबा, साखर, दादाचा लॅपटॉप सगळं सरकत खाली. दादा ओरडतोय, माझी गाठ सुटेना, इतका ताण बसलेला. काठावरच्या लॉकवाल्या बाईने मोठ्याने काहीतरी म्हटलं आणि बटण दाबून झडपा बंद केल्या, पाणी थांबलं. मग तिने वरचं पाणी थोडं परत सोडलं, बोट वर आली, दोरी सैल झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा पूर्ण वेळ माझ्या बाजूला चाकू घेऊन उभे होते. आंबा कापायचा चाकू. दोरी कापायला.

बाई काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण भाच्याने सांगितलं नाही. मी दोन वेळा पार्दों पार्दों म्हटलं आणि संत्रा बर्फीचा डबा तिच्या हातात दिला, तिने एक तुकडा खाऊन बघितला, मग दुसरा घेतला, आणि आतून टोमॅटो आणून दिले. लॉकवाल्यांची घरं तिथेच असतात, परसात भाजी लावतात, बोटवाल्यांना विकतात. बाबा आणि ती मग दाराच्या बिजागरीपाशी बराच वेळ उभे होते. ती फ्रेंच बोलत होती, बाबा मराठी, दोघंही बोटाने दाखवत होते, आणि मला वाटतं दोघांचं नीट जमत होतं.

कास्तेलनोदारीला कालव्याचा मोठा तलाव आहे, सात हेक्टरचा, तिथे वहिनी गाडी घेऊन आली. गाव प्रसिद्ध आहे कासुले नावाच्या पदार्थासाठी, पांढऱ्या शेंगदाण्या, नाही, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची घट्ट उसळ म्हणा, बदकाचं मांस आणि सॉसेज घालून मातीच्या भांड्यात तासन्‌तास भाजतात. बाबांनी बदक बाजूला सारून दाणे खाल्ले आणि तर्री नाही का विचारलं. असो.

गाडी आली म्हणून आम्ही डोंगरात सँ फेरेओलला गेलो, कारण बाबांनी दोन दिवसांपासून भंडावून सोडलं होतं की पाणी येतं तिथे ने. १६६७ ते १६७२ मध्ये बांधलेलं धरण. मातीचं, आत तीन दगडी भिंती. काळ्या डोंगरातले ओढे अडवून पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यात कालव्याला द्यायचं. रिकेची खरी कमाल हीच, कालवा खणणं नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं ना, तेव्हापासून बाबा कुठलाही तलाव दिसला की आधी सांडवा शोधतात. इथेही शोधला, बघितला, मान हलवली. साठा किती? ६३ लाख घनमीटर. "सव्वासहा दलघमी," बाबा म्हणाले. (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि तोतलाडोह म्हणजे पेंचवरचं मोठं धरण.) "तोतलाडोह हजाराच्या वर आहे." मग थोडं थांबून, "पण यानं सव्वासहात दोन समुद्र जोडले."

रिकेने यात स्वतःचा पैसा घातला, कर्जात बुडाला, आणि १६८० च्या ऑक्टोबरमध्ये गेला. कालवा उघडला १६८१ च्या मे महिन्यात. सात महिन्यांनी हुकला बिचारा. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्या एका साहेबाचं असंच झालं होतं, आणि मग ती गोष्ट कार्कासोनपर्यंत पुरली.

पुढचे दिवस नुसते उतारच उतार, मजेचे. चिनारासारखी ती उंच झाडं, ज्यांचे फोटो दादा पाठवायचा, ती मात्र कितीतरी ठिकाणी गायब, नुसते बुंधे किंवा कोवळी रोपं. २००६ मध्ये एक बुरशी सापडली, झाड आतून वाळतं, औषध नाही, कापून जाळायचं एवढंच. ४२ हजार झाडं होती म्हणे, त्यातली हजारो गेली. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून आली असं सांगतात. आता वेगवेगळ्या जातीची झाडं लावून राहिले आहेत. जिथे झाडं गेली तिथे ऊन नागपूरसारखं लागतं.

माल वाहणाऱ्या बोटी आता इथे नाहीत. १८५० च्या दशकात शेजारून रेल्वे आली, आणि सरकारने १८५८ मध्ये हा कालवा चालवायला कोणाला दिला, तर त्याच रेल्वे कंपनीला, ४० वर्षांसाठी! चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आता सगळे आमच्यासारखे रिकामटेकडे. एक जोडपं भेटलं, त्यांची समुद्रातली शिडाची बोट, पण शीड काढून डोलकाठी आडवी टपावर बांधलेली, कारण पूल इतके ठेंगणे की आम्हीही मान खाली घालत होतो. अटलांटिकच्या बाजूच्या बोर्दोकडून निघाले होते आणि भूमध्य समुद्रात जाऊन काठी पुन्हा उभी करणार होते. ज्या कामासाठी रिकेने हे सगळं केलं ते काम करणारे आम्हाला सहा दिवसांत हे दोघेच भेटले.

कार्कासोनचा किल्ला तुम्ही कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याच्या साईटवर बघा, सुंदर आहे, मी काही लिहीत नाही. बाबांना आवडली ती वेगळीच गोष्ट. कालवा बांधताना या गावाने वर्गणी द्यायला नाही म्हटलं, म्हणून रिकेने कालवा गावाबाहेरून नेला. मग गाव सव्वाशे वर्षं पस्तावलं आणि शेवटी १८१० मध्ये कालवा वळवून गावात आणला. बाबा इतके हसले. "आपल्याकडे पण असं एक गाव आहे," म्हणाले, नाव सांगितलं, मी लिहीत नाही, वाचणारे तिथलेच निघायचे.

आम्ही परत आलो तेव्हा इथे पहिला पाऊस झाला होता. बाबांनी लॉगबुकमधलं ते हिशेबाचं पान फाडून आणलंय हे दादाला महिनाभराने कळलं. ते आता फ्रीजवर लावलेलं आहे, वीजबिलाच्या शेजारी.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला. हिवाळ्यात बोटींचा मोसम संपला की कालवा टप्प्याटप्प्याने बंद करून, पाणी काढून दुरुस्ती करतात. दादाने घराजवळच्या रिकाम्या पात्रात कॅमेरा फिरवला. नुसता चिखल, त्यात दोन सायकली, एक ऑफिसची खुर्ची, आणि बरंच काही.

"नागनदीच आहे ही तर," मी म्हटलं.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "मशीन कुठे आहे? तिकडे फिरव. हां." बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन फूट तरी गाळ आहे. तिथल्या त्या माणसाला विचार बरं, टाकतात कुठे हा?"